पब्लिक की प्रायव्हेट: जर्मनीत आरोग्य विमा निवडताना

जर्मनीत नोकरी ठरली की व्हिसा, घर आणि मुलांची शाळा यांवर आपली माणसे महिनोन्‌महिने खल करतात. आरोग्य विम्याचा निर्णय मात्र कंपनीच्या एचआरने ‘तुमची क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, कोणती ते कळवा’ अशी ईमेल पाठवली की दोन दिवसांत उरकून टाकतात. घर आवडले नाही तर बदलता येते, शाळाही बदलता येते. आरोग्य विम्याचे तसे नाही. येथे विम्याच्या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत: सार्वजनिक, म्हणजे ‘पब्लिक’, आणि खासगी, म्हणजे ‘प्रायव्हेट’. पहिलीतून दुसरीत जाणे चांगला पगार असणाऱ्याला सोपे असते, परत येणे मात्र वयाबरोबर अवघड होत जाते आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर ते जवळजवळ अशक्य होते. मी स्टुटगार्टच्या परिसरात राहते. मोटारींच्या कारखान्यांमुळे आणि सॉफ्टवेअरच्या कामामुळे येथे मराठी कुटुंबे सतत येत असतात आणि गणेशोत्सवाच्या जेवणाच्या रांगेतसुद्धा ‘पब्लिक घेऊ की प्रायव्हेट?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतेच. रांगेत उभ्याउभ्या या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. महिन्याचा हप्ता किती, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारावा. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: आपण या देशात किती वर्षे राहण्याची शक्यता आहे आणि त्या काळात आपल्या पगारावर कोण कोण अवलंबून असणार आहे. या दोन्हींची प्रामाणिक उत्तरे मिळाली की बहुतेकांचा निर्णय आपोआप होतो.

सार्वजनिक विम्याचे मूळ १८८३ मध्ये, बिस्मार्कच्या काळात, कामगारांच्या आजारपणासाठी झालेल्या कायद्यात आहे आणि त्याचे मूलतत्त्व आजही बदललेले नाही: वर्गणी कमाईप्रमाणे, उपचार गरजेप्रमाणे. देशातली नव्वद टक्क्यांच्या आसपास माणसे याच व्यवस्थेत आहेत. टीके, बार्मर, डीएके, एओके ही नावे तुम्ही ऐकली असतील. त्या सगळ्या या एकाच व्यवस्थेतल्या संस्था आहेत आणि त्यांनी द्यायच्या बहुतांश सेवा कायद्याने ठरवून दिलेल्या आहेत. हप्ता तुमचे वय किंवा आजार पाहून ठरत नाही, पगार पाहून ठरतो. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक संस्थेचा स्वतःचा अतिरिक्त दर, ज्याची सरासरी २०२६ साठी २.९ टक्के धरलेली आहे. आणि या सगळ्याचा अर्धा भार कंपनी उचलते. म्हणजे वर्षाला ६०,००० युरो पगार असेल तर महिन्याच्या ५,००० युरोंवर सरासरी दराने ८७५ युरो होतात आणि तुमच्या पगारातून त्यांतले ४३७.५० युरो जातात. याखेरीज म्हातारपणी किंवा अपंगत्वात लागणाऱ्या शुश्रूषेचा वेगळा सक्तीचा विमा असतो. त्याचा दर ३.६ टक्के असून साधारणपणे त्यातही कंपनीचा निम्मा वाटा असतो. मात्र मूल नसलेल्या आणि २३ वर्षे ओलांडलेल्या माणसाला आणखी ०.६ टक्के स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात. पगार कितीही वाढला तरी २०२६ मध्ये वर्षाला ६९,७५० युरोंच्या पुढच्या रकमेवर वर्गणी लागत नाही.

पे-स्लिपवर हा आकडा पहिल्यांदा दिसला की माणूस दचकतो, कारण पुण्यात कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत त्याला हप्त्याची जाणीवही नसते. पण या रकमेत काय काय येते ते नीट पाहिले पाहिजे. नोकरी न करणारा नवरा किंवा बायको आणि मुले यांचा विमा याच हप्त्यात, एक पैसाही जास्त न देता होतो. जोडीदाराचे स्वतःचे नियमित उत्पन्न मात्र २०२६ मध्ये महिन्याला ५६५ युरोंच्या आत असावे लागते, आणि पगार छोट्या अंशकालिक नोकरीचा असेल तर त्यापेक्षा थोडी अधिक सूट आहे. मधुमेह असो, थायरॉइड असो, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी असो, कोणालाही नाकारता येत नाही. आजार आधीपासूनचा आहे म्हणून दोन-तीन वर्षे थांबा, असेही कोणी म्हणत नाही. बाळंतपण, सुईण, लहान मुलांच्या ठरावीक तपासण्या आणि लसी, सगळे पहिल्या दिवसापासून मिळते. इस्पितळात राहावे लागले तर दिवसाला १० युरो आणि तेही वर्षातून जास्तीत जास्त २८ दिवस द्यायचे, औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधामागे साधारण ५ ते १० युरो. लांबलेल्या आजारपणात पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते आणि त्यानंतर विमा संस्था एकूण पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत, पण हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नाही, अशी रक्कम देते. एकाच आजारासाठी ही मदत, कंपनीने दिलेले आठवडे धरून, तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत चालते. परक्या देशात, जिथे हाकेच्या अंतरावर सख्खे कोणी नाही, तिथे या शेवटच्या तरतुदीची किंमत आकड्यात मांडता येत नाही असे मला वाटते.

तक्रारीही खऱ्या आहेत. त्वचारोगतज्ज्ञ किंवा हाडांचे डॉक्टर यांची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागतात आणि त्याच दवाखान्यात खासगी विमा असलेल्याला लवकरची वेळ मिळते, हे सर्वांना माहीत आहे. दातांच्या बाबतीत कवळी, ब्रिज किंवा क्राउन लागले तर ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाचा ६० टक्के भाग मिळतो. दरवर्षी दात तपासून पुस्तिकेत त्याची नोंद ठेवली असेल तर पाच वर्षांनी ७० आणि दहा वर्षांनी ७५ टक्के मिळतात. ती पुस्तिका पहिल्याच वर्षी सुरू करावी. दातांचा स्वतंत्र पूरक विमा वेगळा घेता येतो आणि ज्यांचे दात आधीच कुरकुरत आहेत त्यांनी उपचार सुचवला जाण्यापूर्वीच तो घ्यायला हवा.

आता प्रायव्हेटकडे येऊ. नोकरदाराला हा पर्याय मिळतो तो पगार एका मर्यादेच्या वर गेल्यावरच. २०२६ मध्ये ही मर्यादा वर्षाला ७७,४०० युरो आहे. त्याच्या खाली पगार असेल तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही, फक्त कोणती संस्था एवढेच ठरवायचे असते. मर्यादेच्या वर पगार घेऊन जे थेट भारतातून येतात त्यांच्यासाठी एक नियम फार महत्त्वाचा आहे आणि तो त्यांना सहसा कोणी सांगत नाही: जर्मनीत आयुष्यातली पहिली नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यांना स्वेच्छेने सार्वजनिक विम्यात दाखल होता येते. ते तीन महिने ‘आधी प्रायव्हेट बघू, मग ठरवू’ म्हणत घालवले तर तो दरवाजा बंद होतो, आणि पुढे पगार मर्यादेखाली आला तरच पुन्हा उघडतो.

प्रायव्हेटमध्ये हप्ता पगारावर ठरत नाही. प्रवेशाच्या वेळचे वय, तब्येत आणि निवडलेल्या सुविधा यांवर ठरतो. म्हणूनच तिशीतल्या निरोगी, एकट्या माणसाला दाखवला जाणारा आकडा इतका मोहक असतो. एजंट तुमच्यासमोर दोन आकडे शेजारी शेजारी लिहितो, फरक अधोरेखित करतो आणि वर एका खाटेची खोली व मोठ्या डॉक्टरांकडून उपचार यांचे आश्वासन देतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, पण अपुरे असते. एजंटला मिळणाऱ्या कमिशनची कायद्याने ठरलेली कमाल मर्यादा साधारण नऊ-दहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी आहे, हे लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐकावा. त्याच्या जोडीला ग्राहक सल्ला केंद्रात, म्हणजे फरब्राउखरत्सेंट्रालेमध्ये, थोडी फी भरून एकदा बोलून घ्यावे. ती फी मला कधीही जास्त वाटलेली नाही.

प्रायव्हेटच्या अर्जातला सर्वांत जोखमीचा भाग म्हणजे तब्येतीचे प्रश्न. ओळखीच्या एका जोडप्याने तो अर्ज आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरून भरला, तेव्हा मी तो बारकाईने वाचला. गेल्या तीन वर्षांत कोणत्या डॉक्टरांकडे गेलात, त्याहून मोठ्या काळात इस्पितळात राहिलात का, मानसोपचार घेतलात का, सध्या कोणती औषधे चालू आहेत, असे एकामागून एक प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी. नवऱ्याने कंबरदुखीसाठी पुण्यात फिजिओथेरपी घेतली होती. ‘ते तर भारतात झाले, इथे कोणाला कळणार?’ असे तो सहज म्हणाला आणि एजंटनेही मान डोलावली होती. पण प्रश्नात देशाचे नाव नव्हते. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर चिठ्ठीवर दोन ओळी खरडून देतात, तपासण्यांचे अहवाल कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून राहतात आणि रक्तदाबाच्या गोळीला आपण आजार मानतच नाही. म्हणून माणूस खोटे बोलायचे नसतानाही अपुरी माहिती देतो. विमा कंपनी हे प्रश्न पुन्हा उकरते ती पहिले मोठे बिल आल्यावर. माहिती दडवल्याचे तिला दाखवून देता आले तर हप्ता वाढवणे, एखादा आजार वगळणे किंवा करारातूनच बाहेर पडणे हे अधिकार तिला तीन वर्षांपर्यंत असतात, आणि लपवणे जाणूनबुजून केलेले असेल तर दहा वर्षांपर्यंत. त्या जोडप्याने शेवटी पुण्याला फोन करून कागद मागवले आणि सगळे लिहिले. अर्ज मंजूर झाला, हप्ता थोडा वाढून आला, आणि मला तो वाढीव हप्ता रास्त वाटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजचा व्यवहार. सार्वजनिक विम्यात डॉक्टरकडे कार्ड द्यायचे आणि घरी यायचे; बिल तुमच्या नजरेसही पडत नाही. प्रायव्हेटमध्ये बिल तुमच्या नावावर घरी येते. त्यावर सरकारी दरपत्रकातले क्रमांक असतात, प्रत्येकापुढे मूळ दर आणि त्याला गुणायचा आकडा. साध्या सल्ल्याचा क्रमांक १, मूळ दर ४.६६ युरो, गुणक २.३, रक्कम १०.७२ युरो. डॉक्टरने विशेष कारण देऊन गुणक ३.५ पर्यंत नेला तर तुमचा करार तेवढे देतो की नाही हे तुम्हाला माहीत असावे लागते. आधी पैसे भरायचे, बिल ॲपवर चढवायचे, कंपनीच्या परताव्याची वाट पाहायची, आणि वर्षाला ठरलेली रक्कम आधी स्वतः सोसायची अट घेतली असेल तर ती वेगळी मोजायची. ज्याला कागदपत्रे सांभाळण्याची सवय आहे त्याला हे जड जात नाही. पण घरात मूल सतत आजारी आणि जर्मन भाषा अजून अर्धवट, अशा घराला याचा खूप त्रास होतो.

खरा फरक पडतो तो कुटुंब वाढल्यावर. प्रायव्हेटमध्ये बायको, मुलगा, मुलगी, प्रत्येकाचा हप्ता वेगळा. कंपनी अर्धा वाटा देते खरी, पण त्याला वरची मर्यादा आहे: २०२६ मध्ये महिन्याला ५०८.५९ युरो, आणि त्यातच सगळे घर बसवायचे. पालकत्वाच्या बिनपगारी रजेत कंपनीचा वाटा थांबतो आणि पूर्ण हप्ता घरातून भरावा लागतो. सार्वजनिक विम्यातल्या सक्तीच्या सभासदाला त्याच काळात सरकारी भत्त्यावर वर्गणी द्यावी लागत नाही. विवाहित जोडप्यांपैकी एक जण प्रायव्हेट आणि दुसरा पब्लिक असेल तर आणखी एक पेच आहे. प्रायव्हेटमधल्या पालकाचे उत्पन्न वर सांगितलेल्या ७७,४०० युरोंच्या मर्यादेच्या वर आणि जोडीदाराहून जास्त असेल तर मुलांना दुसऱ्याच्या पब्लिक विम्यात फुकट घेता येत नाही. नव्याने लग्न झालेल्या मुलांना हे मी आवर्जून सांगते, कारण लग्नाआधी एकट्याने केलेल्या निवडीचे परिणाम पुढे दोघांना आणि मुलांना भोगावे लागतात. एक जमेची बाजूही सांगायला हवी: प्रायव्हेटमधल्या आईला किंवा वडिलांना किमान तीन महिने झाले असतील, तर नवजात बाळाला जन्मापासून दोन महिन्यांच्या आत नोंदवल्यास कंपनीला तब्येतीची चौकशी न करता घ्यावेच लागते.

आणि मग म्हातारपण. तिशीत कोणालाच त्याचा विचार करावासा वाटत नाही, पण ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, ‘दोन-तीन वर्षांसाठी’ आलेली किती तरी मराठी कुटुंबे आज येथे नातवंडे खेळवत आहेत. प्रायव्हेटचा हप्ता निवृत्तीनंतर पगाराबरोबर खाली येत नाही. तरुणपणी हप्त्यातला काही भाग म्हातारपणासाठी राखून ठेवला जातो, तरीही उपचार महाग होतील तसे हप्ते वाढतच जातात. आणि कायमचे भारतात परतलात तर ती राखीव रक्कम सहसा तुमच्या हाती येत नाही. सार्वजनिक विम्यात निवृत्तांसाठी वर्गणी हलकी असते, पण त्यासाठी नोकरीच्या आयुष्याच्या उत्तरार्धाचा किमान नऊ-दशांश काळ त्याच व्यवस्थेत काढलेला असावा लागतो.

हे वाचून मी प्रायव्हेटच्या विरोधात आहे असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. मूलबाळ नको हे ठरलेले, पगार भक्कम, दरमहा वाचणारा पैसा म्हातारपणच्या हप्त्यांसाठी खरोखर बाजूला टाकण्याची शिस्त असलेला माणूस तेथे चांगला राहतो. चार वर्षांत परतायचेच आहे आणि तब्येत ठणठणीत आहे, अशा एकट्या माणसालाही ते परवडते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना पगाराची मर्यादा लागू नसते. त्यांना प्रायव्हेट कधीही घेता येते आणि भारतातून थेट आलेल्यांपैकी कित्येकांपुढे दुसरा मार्गही नसतो.

ज्याच्यापासून मी सगळ्यांना खरोखर दूर ठेवू इच्छिते तो तिसरा प्रकार आहे: इंटरनेटवर मिळणारा, परदेशी पाहुण्यांसाठीचा, जास्तीत जास्त पाच वर्षांचा स्वस्त विमा. व्हिसाच्या कामापुरता किंवा पहिल्या काही आठवड्यांसाठी तो ठीक आहे. पण त्यात आधीचे आजार वगळलेले असतात, बाळंतपणासाठी थांबावे लागते आणि मुदत संपली की आजारी माणसाला पुढे घेण्याचे बंधन कंपनीवर नसते. रहिवासी परवाना वाढवताना परदेशी नागरिक कार्यालय असा विमा पुरेसा नाही म्हणून परत पाठवू शकते. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला २००९ पासून पूर्ण आरोग्य विमा सक्तीचा आहे, त्यामुळे मधल्या काळाचे हप्ते नंतर एकदम मागितले जाण्याची वेळही येते. विद्यार्थ्यांनी तर विशेष जपावे, कारण शिक्षणाच्या सुरुवातीला सार्वजनिक विम्यातून सूट मागितली की ती त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही.

सार्वजनिक विम्याच्या संस्थांमध्ये निवड करताना फार डोके शिणवू नये. अतिरिक्त दर पाहावा, इंग्रजीतून फोनवर बोलता येते का ते पाहावे आणि भारतात जाण्यापूर्वी टायफॉइड व हिपॅटायटिसच्या लसींचा खर्च संस्था देते का ते विचारावे. आवडली नाही तर बारा महिन्यांनी बदलता येते, आणि दर वाढवला तर त्याआधीही.

सुट्टीत घरी जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. जर्मनी आणि भारत यांच्यात २०१७ पासून लागू असलेला सामाजिक सुरक्षेचा करार निवृत्तिवेतनाबद्दल आहे, आरोग्य विम्याबद्दल नाही. म्हणून तुमच्या पब्लिक कार्डावर सांगलीतल्या किंवा ठाण्यातल्या इस्पितळाचे बिल मिळत नाही. त्यासाठी वर्षभराचा प्रवासी आरोग्य विमा वेगळा घ्यावा. तो अगदी स्वस्त असतो, मात्र एका प्रवासात सहसा सहा ते आठ आठवडेच चालतो, आणि आईवडिलांच्या आजारपणासाठी तीन महिने थांबलात तर तो अपुरा पडतो.

आईवडिलांना आपल्या विम्यात घेता येत नाही, पब्लिकमध्येही नाही. ते भेटीला येतात तेव्हा शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो, पण त्यात जुना मधुमेह किंवा हृदयविकार बहुधा वगळलेला असतो. जिवावर बेतले तर मर्यादित मदत आहे का, हे कलम अर्ज भरण्यापूर्वी आपण स्वतः वाचावे. त्यांचा भारतातला विमा मात्र कधीही खंडित होऊ देऊ नये. २०२४ पासून भारतात आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त तीन वर्षे केलेला आहे आणि सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक वगळता, माहिती दिली नव्हती म्हणून दावा नाकारता येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही उठला आहे. ज्यांचा परतण्याचा विचार पक्का आहे त्यांनी स्वतःसाठीही अशी भारतातली पॉलिसी परतण्याच्या निदान तीन वर्षे आधी, तब्येत चांगली असतानाच घ्यावी, म्हणजे पुण्यात उतरलेल्या दिवशी जर्मनीतला विमा संपला तरी भारतातला प्रतीक्षा कालावधी तोवर भरलेला असेल.